तळ्यावरचा दोरा

प्रिय आई,

तुला आणि तुझ्या शिलाई मशीनला नमस्कार. मी ठणठणीत आहे. अंगठा दोरीनं जरा सोलवटलाय, बाकी काही नाही. बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

रविवारी तळ्यावर शिडाच्या छोट्या होड्यांची शर्यत होती, मीही उतरले. पाण्यावर तीन लाल फुगे तरंगत असतात. वाऱ्यासमोर होडी सरळ जातच नाही, म्हणून नागमोडी जात प्रत्येक फुगा डावीकडे ठेवून वळायचं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "होडीमागे दोरा सुटत चाललाय असं समज. शेवटी ताणला, की तो प्रत्येक फुग्याला बरोबर बाजूनं टेकला पाहिजे." आई, अख्खं तळं मला तुझ्यापुढे पसरलेल्या कापडासारखं दिसलं!

आणि दुसऱ्याच फुग्याला मी उलटा वळसा घातला. कुणीही पाहिलं नव्हतं. पण शिवण वाकडी गेली की तू उसवायला लावायचीस, ते आठवलं. मुकाट्यानं मागे फिरले, वळसा सोडवला, पुन्हा घातला. शेवटची आले, पण दोरा बरोबर होता.

तुझी,
लेक

ता. क. अंगठ्याचंही उसवून सांगते. दोन टाके पडलेत. तुझ्याइतके सुबक नाहीत.