पेपर वाटायची माझी पद्धत

८ सप्टेंबर
दहावी ब चे गणिताचे चाचणी पेपर वाटले. नेहमीसारखेच, पहिल्या नंबरापासून उतरत खाली. अठरा वर्षं असेच पेपर वाटते, वर्ग कसा चिडीचूप असतो. शेवटी सारिका. वीसपैकी तीन. म्हणलं, "या राणीसरकार, तुमचीच वाट बघत होते." वर्ग हसला, तीपण हसली. पोरगी गुणी आहे, पण गणित म्हणलं की आनंदीआनंदच.

१० सप्टें.
सकाळी लवकर गेले. सारिकाची झाडायची पाळी होती. फळ्यावर कालचं अर्धवट वर्गसमीकरण तसंच राहिलेलं. झाडू भिंतीला टेकवून बाईसाहेबांनी ते सोडवलं, झरझर, बिलकुल बरोबर. मी दारात उभी. "मंग चाचणीत काय झाल्तं गं?" तर म्हणते, "येतंय मॅडम मला. पेपर हातात आला की..." आणि झाडू उचलला.
सराव कमी पडतो म्हणून रोज दहा गणितं जादा दिली.

१९ सप्टें.
पुन्हा छोटी चाचणी. तिच्या मागंच उभी राहिले. पहिलं उत्तर बरोबर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कागदाला भोक. अर्धा तास त्यातच गेला.
नंतर तिला व्हरांड्यात घेतलं. म्हणाली, "तुम्ही पेपर वाटता तवा माझं नाव कितवं येतं ते मोजत बसते मी. आता पेपर लिहितानाच ते मोजणं चालू होतं." आणि त्या दिवशी हसली का, तर सगळे हसले म्हणून.
लाज वाटली. जादा गणितं बंद.

२२ सप्टें.
हजेरीप्रमाणे पेपर वाटले, घडी घालून, मार्क आत. पहिली येणारी अश्विनी फुगून बसली. "मॅडम, पयला कोण?" म्हणलं, तू आपली तुझी घडी उघड.
मुख्याध्यापक सर म्हणाले, "चढाओढ नको का पोरांत?" मी म्हणलं, हे एक वर्ष बघू द्या. "बघा बुवा," म्हणाले. त्यांचं नाही म्हणणं यापेक्षा फार लांबतं, म्हणजे होकारच.

१३ ऑक्टो.
सारिकाचे वडील सोयाबीनची मळणी टाकून आले. मऊ माणूस. "पूर्वपरीक्षेत गणित निघालं तर जालन्याला पॉलिटेक्निकला टाकतो. तिला लई हौस. न्हाई निघालं तर शिवणक्लास. पेपर आला की जेवत न्हाई लेकरू, मला बघवत न्हाई."
सांगून टाकलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "चालायचंच मॅडम," आणि पिशवीभर शेंगा ठेवून गेले.

२ डिसें.
सगळ्या वर्गाची खोडरबरं जप्त करून महिना झाला. चुकलं तर एक रेघ मारा, पुढं चला. पोरं कुरकुरली, आता विसरली. सारिकाचा पेपर दिसतो गचाळ, पण वीसपैकी नऊ! तिनं घडी उघडली, बघितलं, दप्तरात टाकलं, आणि मैत्रिणीशी गप्पा सुरू. मी खुशीत दोन भजी जास्तच खाल्ली.

१२ जाने.
पूर्वपरीक्षा, बीजगणित. पाऊण तास झाला अन् मागून आवाज, "मॅडम, पुरवणी." सारिका. जन्मात पहिल्यांदा. देताना माझ्याकडून दोन गेल्या, एक परत घेतली.
चार वाजता गठ्ठा घरी आणला. तिचा तिसराच निघाला, तो खाली सारला. बाकी सगळे तपासून झाले, आता तेवढा एकच. भरपूर लिहिलंय, बरोबर किती देव जाणे. आणि पास नाहीच झाली, तर मार्क वाढवून द्यायचे नाहीत, हे मी मला केव्हाच बजावलंय.
चहा झाला. दुसरा झाला. पेपर हातात आला की काय होतं, ते सारिका सांगत होती, मला आज कळलं.
लाल पेनाचं टोपण काढलंय.