शबाना, तुझं उत्तर आज वाचलं

प्रिय शबाना,

छातीत कळ येऊन तू गेलीस, त्याला आज चाळीस दिवस झाले. दुपारी तुझे अब्बा कॉलेजात आले होते. तंबोऱ्याचं पॉलिश करता करताच उठून आले असावेत, बोटं तशीच तांबूस. म्हणाले, "आवं सर, पोरगी मोबाईलवर तुमच्या वर्गासाठी लय लिवायची. तेवढं कागदावर काढून द्या. तिच्या आईला वाचून दाखवतो."

म्हणून मी आपल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाचा ऑनलाइन चर्चामंच उघडला. आणि बाळ, तुझं लिखाण पहिल्यांदा वाचलं. हो, पहिल्यांदाच!

प्रश्न माझाच होता, कर्तव्य म्हणजे काय? बाकीच्यांनी पुस्तकातलं उतरवलेलं. तू लिहिलंस, "जिना चढताना छातीत कळ येते. घरात आपाचं लग्न आहे, म्हणून कुणाला सांगितलं नाही. सर, हे कर्तव्य की खोटेपणा?"

खाली अकरा जणांचे प्रतिसाद. 'सहमत आहे.' 'छान मांडणी.' 'सहमत.' आणि शेवटी मी न वाचताच दिलेले पाचपैकी पाच गुण.

पोरांना कसा दोष देऊ? आठवड्याला दोन प्रतिसाद सक्तीचे, हा नियम माझा. संग्राम वर्गात म्हणाला होता, "सर, सहमत म्हटलं की गुण मिळत्यात, मग भांडायचं कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. तू हसली होतीस का गं?

औंधजवळच्या आमच्या शाळेत गुरुजी प्रत्येक पाटीवर बोट फिरवत वाचायचे. पाटी ओली असली तर वाळेपर्यंत थांबायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो ना?

पण तू तोंडानं का नाही सांगितलंस? रोज जिन्यात भेटायचीस. कठड्याला धरून थांबायचीस. मला वाटायचं, सरांना वाट देतेय! मिरजेत पावलागणिक दवाखाने, एक तर आपल्या फाटकासमोरच.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला. हात जोडले, पण मागायला तोंड राहिलं नाही. क्षमा मागायची ती तुझी, आणि तू नाहीस.

तुझं सगळं लिखाण छापलंय. त्यातून हे एक पान बाजूला काढून ठेवावं, असं मनात येऊन गेलं. तुझ्या आईच्या जिवासाठी, असं मी स्वतःलाच सांगत होतो. खरं तर ते माझ्यासाठीच होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता सापडलं, शबाना. खोटे होते ते माझे पाच गुण.

उद्या ते पान घेऊन तुमच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात मी स्वतः येईन. अब्बांनी वाचायच्या आधी सांगेन, "हे तिनं मला विचारलं होतं." खालचे गुण खोडणार नाही.

तुला उत्तर न दिलेला,
तुझा सर