शर्यतीआधी पोहायचं नाही

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ६.२०
आजपासून रोजनिशी. तेवीस तारखेला मुंगीची आठशे मीटरची फायनल. पहिल्या तिघींची शिबिरासाठी निवड होते. चौथीला टाळ्या. अशा वेळी घरात एक तरी माणूस शांत लागतं, आणि ते कोण असणार हे उघडच आहे.
मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय चौदा, वजन अडतीस किलो, बोलणं त्याहून कमी.
संकल्प: तिच्यावर अजिबात दडपण आणायचं नाही. रोज ती उठायच्या आत तिची नाडी मोजायची. शर्यतीचा विषय घरात काढायचा नाही, आणि तो काढायचा नाही याची सगळ्यांना रोज आठवण करून द्यायची.
आजची नाडी ६८. डोळे मिटलेले होते, पापण्या तेवढ्या हलत होत्या. गाढ झोप लागली होती पोरीला.

११ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळी
कोचबाईंनी शेवटच्या बारा दिवसांचं वेळापत्रक दिलं. धावणं कमी. आणि रोज दुपारी वीस मिनिटं पोहणं.
मी मैदानावरच विचारलं, पोहून पाय जड नाही का होणार. त्या म्हणाल्या, हळू पोहली तर नाही होणार. दमेपर्यंत पोहली तर होतील, पण तेवढं मी तिला पोहू देणार नाही. मग शिटीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, आणि ताई, तलावावर तिला एकटीलाच पाठवा, तुम्ही येऊ नका.
तलाव लहान आहे. गर्दी होत असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी १.१५, लॅबमध्ये
सकाळपासून बावीस जणांचं रक्त काढलं. मूठ आवळा, सैल सोडा, झालं. समोरच्याला सैल करणं ही देणगी असते. एक आजोबा म्हणाले, बाई, सुई मुळीच दुखत नाही तुमची, बोलणं तेवढं आवरा. लोक आपापल्या परीने कौतुक करतात.
डॉक्टरांना पोहण्याचं विचारलं. म्हणाले, हलकं पोहल्याने काही बिघडत नाही, उलट पायांना आराम पडतो. डॉक्टर हुशार आहेत, पण दिवसभर काचपट्टीवरच्या पेशी बघतात. पेशी धावत नाहीत.
काउंटरवरच्या मुलीचा अनुभव मात्र ठोस. तिचा मामेभाऊ सामन्याच्या सकाळी पोहला आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे येऊन मैदानात बसला. त्याआधी दोन दिवस तो तापाने पडून होता असंही ती पुढे सांगत होती, पण तोवर मी निघाले होते.
निर्णय झाला. पोहणं बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मुंगीला शांतपणे समजावलं. चाळीस मिनिटं. ती म्हणाली, बरं. समजूतदार आहे, माझ्यावर गेली आहे. नवरा पेपरमागून म्हणाला, कोच कोण आहे? मी म्हटलं, आई कोण आहे? पेपर वर गेला. पटलं त्याला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नाडी ६४. नुसत्या न पोहण्याने चार ठोके उतरले.
बापलेक कालपासून दुपारी फिरायला जातात. स्वतःहून. नवऱ्याने ऑफिसची वेळसुद्धा बदलून घेतली. आज परत आले तेव्हा मुंगीचे केस निथळत होते. साध्या चालण्याने एवढा घाम म्हणजे अंगात मीठ कमी. मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. नवऱ्याचेही केस ओले. त्यालाही दिलं. दोघं एकमेकांकडे बघत मुकाट प्यायले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डोळे लाल, दोघांचेही. साथ आली असणार. लॅबशेजारच्या औषधांच्या दुकानातून थेंब आणले. नाडी ६२.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी १०
मैदानावर गेले होते. मी काही बोलणार नव्हतेच. कुंपणाशी उभी राहून फक्त चार सूचना दिल्या: खांदे, हनुवटी, श्वास, आणि डावीकडे बघू नकोस. तिने डावीकडे बघितलं. तिथे मी होते.
कोचबाईंनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची उचलून आणली आणि साहित्याच्या खोलीमागे सावलीत ठेवली. इतका मान कोणत्याच पालकाला देत नाहीत त्या. तिथून ट्रॅक दिसत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळी ७
आज प्राथमिक फेरी. मला जाता आलं नाही; एका कारखान्यात तपासणी होती, दीडशे कामगार. फोन खिशात होता. शेवटच्या वीसेक जणांना मूठ आवळायला सांगितली आणि सैल सोडायला सांगायचं विसरले.
पावणेचारला नवऱ्याचा फोन. दोन मिनिटं चोवीस सेकंद. तिच्या गटात पहिली, सगळ्या मिळून दुसरी. याआधी कधी दोन एकतीसच्या खाली आली नव्हती. म्हणाला, अगं, हसत पळत होती.
मी समोर नसताना एवढं धावली म्हणजे माझी शिकवण अंगात मुरली.

२० नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ८.३०
वॉशिंग मशीनमध्ये टॉवेलाची एक घट्ट गुंडाळी सापडली. आत मुंगीचा पोहण्याचा पोशाख. आणि नवऱ्याची चड्डी, निळी, नवी.
नवऱ्याला विचारलं, रोज? म्हणाला, रोज नाही, एक दिवस तलाव धुवायला काढला होता.
मी ओरडले नाही. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं, ते सहज.

त्याच दिवशी, ९.१०
शांतपणे विचार केला. पाय पाण्याने जड झालेले असताना दोन चोवीस. मग न पोहता? दोन वीस. दोन एकोणीससुद्धा. हे कोणाच्याच डोक्यात कसं आलं नाही?
लॅबमध्ये तीन दिवसांची रजा टाकली. आता फायनलपर्यंत मी आणि मुंगी. नवरा म्हणाला, निदान हे तीन दिवस तिच्या मनासारखं होऊ दे. मी म्हटलं, तिचं मन चौदा वर्षांचं आहे, माझं चव्वेचाळीस.

दुपारी ३
मुंगी पिशवी घेऊन दाराशी आली. म्हणाली, आई, वीसच मिनिटं. मी म्हटलं, रविवारनंतर महिनाभर पोह. ती उभीच राहिली. खुर्ची दाराशी घेऊन मी तिथे भाजी निवडत बसले. उजेड चांगला येतो तिथे. बऱ्याच वेळाने पिशवी खुंटीला अडकवल्याचा आवाज आला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नाडी ७६. घड्याळात बिघाड असावा.
दिवसभर तिच्यासोबत होते. तिला एक मिनिट एकटं वाटू दिलं नाही. मागच्या वर्षीची शर्यत कुठे हातची गेली तेही समजावलं, कागदावर ट्रॅक काढून. दुसऱ्या वळणावर लाल फुली केली. ती फुलीकडे बघत राहिली. एकाग्रता.
अर्धी पोळी खाल्ली. हलकं पोट चांगलंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४
नाडी ८४. दुसऱ्या घड्याळावरही ८४.
नखं कुरतडून बोटाला रक्त आलंय. पट्टी लावून दिली. हात गार होता. दुपारी दोनदा पाणी प्यायला उठली आणि न पिता परत येऊन बसली.
कोचबाईंचा फोन. आजच्या दिवस तरी पाठवा, दहा मिनिटं, नुसती पाण्यात पडून राहू दे. मी म्हटलं, तिला पूर्ण विश्रांती देतेय. त्या म्हणाल्या, ताई, मिळतेय का तिला विश्रांती? म्हटलं, म्हणजे काय, मी क्षणभर हलले नाही तिच्याजवळून.
तेच तर, म्हणाल्या. फोन कट झाला. रेंज नसेल.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ५.४०
९६. परत मोजली. ९६. परत हात धरायला गेले तर तिने तो पांघरुणात ओढून घेतला.
जागीच होती.

सकाळी ९.२०, मैदानावर
उलटी झाली. नवरा बाटली घेऊन तिच्या शेजारी गुडघ्यावर बसलाय. मी सांगितलं, होतं असं, मोठमोठ्या खेळाडूंना होतं. नवऱ्याने वर बघून म्हटलं, जरा थांबशील? इतक्या वर्षांत या आवाजात तो कधी बोलला नव्हता.
अकराला शर्यत.

दुपारी २
आठ जणी होत्या. पहिली फेरी ती तिसरी. बरोबर जागेवर, खांदे सैल, हनुवटी नीट. मी दुसऱ्या वळणावर उभी होते, म्हणजे लाल फुलीच्या जागी, कारण मदतीची गरज तिथेच लागणार होती. एकदाच हाक मारली. तिने बघितलं. दोन पावलं चुकली. मग तिला काय झालं मला सांगता येत नाही. पाय चालत होते, पण ती जणू मान खाली घालून कुठेतरी लपायला निघाली होती.
दोन मिनिटं एकोणचाळीस. सातवी.
ट्रॅकचा उतार त्या वळणावर चुकीचा आहे. सकाळी वाराही होता. तापाची तपासणी करायला हवी होती. लॅबमध्येच काम करते मी, आणि हे सुचलं नाही.
टाळ्या चौथीला होत्या. सातवीला काही नव्हतं. कोचबाईंनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि तिला घेऊन चालत गेल्या, माझ्यासमोरून. काही बोलल्या नाहीत मला. बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी ६
मुंगीला विचारलं, काय हवंय तुला, काहीही माग. म्हणाली, पोहायला जाऊ?
मी सोबत गेले. बाहेर बाकावर बसले, जाळीच्या अलीकडे. ती पाण्यात शिरली आणि पोहलीच नाही. उताणी पडून राहिली, कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. वीस मिनिटं. पापण्या हलत नव्हत्या.
परत येताना विचारलं, त्या पाण्यात आहे तरी काय एवढं. म्हणाली, ऐकू येत नाही.
मी तिथल्या तिथे थांबले. म्हटलं, कधीपासून? आजच दाखवू, आपल्या डॉक्टरांच्या ओळखीचे कानाचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी घेते. फोन काढला. नंबर शोधत होते.
ती म्हणाली, आई, कान चांगले आहेत. बाहेर आल्यावर सगळं येतं ऐकू.
चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.
फोन पिशवीत ठेवला. मग आम्ही चालत राहिलो. ती पुढे, मी दोन पावलं मागे. तिच्या उजव्या बुटाची लेस सुटली होती. पहिल्या चौकात मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या चौकातही. घरापर्यंत लेस तशीच लोंबत होती.
ती पडली नाही.