पहिला घास

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची. ताईने फाटकातच मिठी मारली आणि बॅगेपेक्षा मीच जड झालेय म्हणून चिडवलं. भाऊजी कामासाठी परगावी, तिची नणंद गेल्या वर्षी कुणाला न सांगता निघून गेलेली. सशांची एवढी मोठी शेड ताईला एकटीला आवरेना, म्हणून मला बोलावलं. आई गेल्यावर मला भरवलं ते हिनेच. आता पुन्हा आम्ही दोघीच. आनंद पोटात मावत नाहीये.

५ फेब्रुवारी
सशांचं खाणं म्हणजे लोकांनी टाकलेलं: मटाराची टरफलं, गाजराचा पाला, कोबीची वरची पानं, गिरणीतला कोंडा. ओला माल आला की सावलीत पसरायचा, बुरशीचा वास आला तर सरळ खड्ड्यात. ताईची एक तऱ्हा मात्र गमतीची. नवा माल आला की पहिला घास ती स्वतः चावते, सशांच्या देखत, आणि थुंकून टाकते. मग त्यांचा विश्वास बसतो म्हणे. मला बजावलं, चाव, पण गिळू नकोस. का, ते विचारलं तर तिने विषयच बदलला.

९ फेब्रुवारी
इथे एक पांढरी सशीण आहे. तिला नाव नाही, ताई नुसतं ‘अगं’ म्हणते. पहिला घास हिला, तोही हातातून. तिचं कपाळ कुरवाळत ताई गप्पा मारत बसते आणि इकडे माझा चहा गार होतो. माझ्याशी बोलते ती कोंड्याच्या पोत्यांबद्दल. एका सशिणीवर जळायची वेळ आली, हसू येतं. खरं तर येत नाही.

१४ फेब्रुवारी
गाजराचा पाला आला. मी पुढे झाले, चावला, थुंकला. पांढरी ढिम्म हलली नाही. ताईने चावला आणि बया तुरुतुरु पुढे आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ससे आपल्या घशाकडे बघतात, हे आज नीट पाहिलं. ताई तर कधी गिळतच नाही. मी गिळलं तर?

१५ फेब्रुवारी
ताई बाजारात गेली होती. गिळलं. सगळे ससे जाळीला येऊन चिकटले, माझ्या हातातून खाल्लं. पांढरी तेवढी कोपऱ्यात सरकली आणि मागचे पाय आपटत राहिली. रोज गिळणार.

२१ फेब्रुवारी
ताईच्या हातचं जेवण नको वाटतं. टरफलं गोड लागतात. पांढरी मला बघितलं की पाय आपटते. जळते मेली.

२६ फेब्रुवारी
पुढचे दात वाढलेत. ओठ मिटत नाहीत. गिरणीवाला कोंडा घेऊन आला, त्याच्या सायकलची घंटा वाजली आणि मी पोत्यांमागे — का लपले, कळत नाही.

१ मार्च
ताईने मला गिळताना पाहिलं. रागावली नाही. खाली बसून रडली. म्हणाली, नणंदेनेही गिळलं होतं. मग तिने पांढरीकडे बघितलं.
म्हणजे ते पाय आपटणं — ती मला सावध करत होती.
भीती वाटते. पण त्याहून जास्त राग येतो. सख्खी बहीण मी, आणि लाड नणंदेचे.

४ मार्च
सगळं उंच झालंय. दाराची कडी, टेबल, ताई. पेन्सिल दोन्ही हातांत धरून — हात म्हणावं का —
ताईने पांढरीच्या शेजारचा पिंजरा झाडला. मी आपणहून आत गेले. आता तरी माझं कपाळ —

मटाराची टरफलं आली. ताईने चावली. थुंकली. ओंजळ भरली.
मी जाळीपाशी आधी पोचले. आधी मी.
हात आला — माझ्यासमोरून — पुढे —
पहिला घास परत तिला —