ऑलमोस्ट ठरलं

४ नोव्हेंबर, मंगळवार

सरळ उत्तर द्यायला या लोकांच्या जिभेला काय गळू आलंय का? शिवाजी पार्कची मंडळी आमच्या मनवाला बघून गेली त्याला पंधरवडा झाला. कांदेपोहे खाल्ले, खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या, उरलेल्या डब्यात भरून नेल्या. डबासुद्धा परत नाही! आज मुलाच्या आईचा, त्या मायाताईंचा फोन आला. माझ्या मनूने घेतला. ठेवला आणि मला म्हणतो कसा — "आई, ऑलमोस्ट ठरलं!"

मी म्हटलं, ठरलं की नाही ठरलं?

"ऑलमोस्ट!"

म्हणजे काय रे मेल्या?

"ठरल्यातच जमा गं."

जमा तर जमा. मग साखरपुड्याची तारीख सांग.

"तारीख अजून नाही दिली त्यांनी…"

ठरलं म्हणतो आणि तारीख नाही! पोरीचा बाप झाला तरी अक्कल शाळेत होती तेवढीच.

५ नोव्हेंबर

मनवाला विचारलं, ऑलमोस्ट म्हणजे काय गो? ती ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलते. "जवळजवळ," म्हणाली. फोनमधून मान वर नाही.

जवळजवळ म्हणजे किती जवळ? परळ लालबागला जवळच. पण परळला उतरलेला माणूस लालबागला पोचला का? नाही पोचला! त्याचं ताट वाढून बसलेल्या बाईला विचारा.

"आजी, तू फार विचार करतेस."

अगो, या घरात कोणीतरी करायला नको?

६ नोव्हेंबर

एकदा शब्द कानात बसला की जिकडेतिकडे तोच ऐकू येतो. सून अनुजा म्हणाली, "भात ऑलमोस्ट झालाय, बसा तुम्ही." बसले. दाताखाली कणी. मुळात दात उरलेत किती, त्यातला एक अनुजाच्या ऑलमोस्टने हलला. गॅलरीतला नळ दुरुस्त करणारा परवापासून सांगतोय, "आजी, ऑलमोस्ट झालं." नळ गळतोच आहे, वर आता पानाही हरवलाय.

मला कळलं. ऑलमोस्ट म्हणजे नाही. नाही म्हटलं की समोरचा भांडतो. ऑलमोस्ट म्हटलं की चहा देतो.

७ नोव्हेंबर

दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाला, "आजी, गोड बंद केलं ना?"

मी म्हटलं, ऑलमोस्ट.

पोरगा खूष! कंपाउंडरला हाक मारून सांगितलं, बघ, आजी इंग्लिश बोलतात. सकाळीच दोन बेसनलाडू खाऊन गेले होते.

संध्याकाळी शेजारची नलू नारळ मागायला आली. संपले गं ऑलमोस्ट, म्हटलं. गेली बिचारी. तीन होते.

काय सोयीचा शब्द! मी उगाच आयुष्यभर खरं बोलून वैर घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

बाजारात चालत नाही हा शब्द. वरळी कोळीवाड्याची बाय बसते तिच्या पाटीत बांगडे बघितले. म्हटलं, ऑलमोस्ट ताजे दिसतात गो. तिने पाटीच झाकली!

"ऑलमोस्ट ताजं खायचं तर हाटेलात जा, म्हातारे! माजं म्हावरं ताजं हाय, नाय तर नाय!"

अख्खा बाजार हसला. रविवार असून घरी वरणभात. मनूने तोंड केलं एवढंसं.

पण बाई बोलली ते पटलं. बांगडा काय, सोयरीक काय — ताजं म्हणजे ताजं, ठरलं म्हणजे ठरलं. आपली पोर पाटीत मांडून ठेवायची आणि ते येता-जाता नुसते कल्ले उचलून बघणार? चाळीत रोज कोणी ना कोणी विचारतं, मनवाचं काय झालं. मी काय सांगू? जवळजवळ लग्न?

११ नोव्हेंबर

सांगितलं मनूला. आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. नाही फुटली तर नाही ठरलं. सुपारीला ऑलमोस्ट माहीत नाही. रविवारी त्यांच्याकडे जायचं, तबक पुढे ठेवायचं.

"आई, हल्ली असं कोणी करत नाही."

मग काय करतात हल्ली?

"बोलतात."

तेच तर चाललंय! बोलतायत!

अनुजा आतून म्हणाली, "आईंचं बरोबर आहे." असं ती पहिल्यांदाच म्हणाली, म्हणून ही तारीख लिहून ठेवते.

मनवाला म्हटलं, ती गुलाबी साडी नेस रविवारी. "तुम्हीच या जाऊन," म्हणाली आणि पंखा वाढवला. लाजली असेल. आमच्या वेळी आम्ही पदर चावायचो, या पंखा वाढवतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायला बसले आणि दोनदा चष्मा पुसावा लागला. हसून!

गेलो तिघं. मोठा फ्लॅट, गार लादी, सोफ्यावर बसलं की माणूस आत जातो. मायाताई, मुलगा शंतनु, आणि त्याचे आजोबा — तात्या. तात्यांना ऐकू कमी. खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, आमच्या बोलण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

चहा झाला. मी पिशवीतून तबक काढलं. पान, सुपारी, अडकित्ता, कुंकू, सगळं घरचं. टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, होकार असेल तर फोडा. नसेल तर तसं सांगा, आम्ही राग न धरता उठतो. (धरला असता.)

मायाताई हसल्या. "अहो आजी, आमचं ऑलमोस्ट हो आहे! फक्त याचं प्रमोशन झालं की… आणि याच्या मावशीकडूनही एक स्थळ आलंय, ते नुसतं बघून घ्यायचंय."

शंतनु म्हणाला, "आजी, नाईन्टी पर्सेंट हो समजा."

मी म्हटलं, बाबा, मग उरलेली दहा टक्के बायको कोणाची?

मनूने माझा पदर ओढला. तेवढ्यात — कट्ट!

बघतो तर काय, तात्यांनी तबक जवळ ओढलंय, सुपारी फोडलीय आणि खांड गालात! त्यांना वाटलं, चहानंतरचं पानसुपारीचं आहे.

"तात्या!" मायाताई किंचाळल्या. "ती लग्नाची होती!"

"कोणाच्या?"

"शंतनुच्या!"

"झालं पण? मला नाही सांगितलंत ते!"

"तात्या, थुंका आधी!"

"थुंकू कशाला? झकास आहे." मग माझ्याकडे वळून, "रोठा ना हो ही? कोकणातली?"

मी म्हटलं, वेंगुर्ल्याची. आणि उठून मायाताईंना कुंकू लावलं. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाने सुपारी फोडली, आता कोणाला विचारायचं राहिलंय? मायाताईंनी मुलाकडे बघितलं. मुलाने लादीकडे. तात्या मिटक्या मारतायत.

"बरं," मायाताई म्हणाल्या. "हो. हो आमच्याकडून."

नुसतं हो! पुढेमागे काही नाही! येताना मनू टॅक्सीत गाणं म्हणत होता. माझा डबासुद्धा मागून आणला.

१७ नोव्हेंबर

चाळभर पेढे. मी स्वतः जिने चढून वाटले. नलूला दोन दिले, वर एक नारळ. जो विचारील त्याला सांगितलं, ठरलं. काय सुटसुटीत शब्द आहे! ठरलं!

मी अर्धाच खाल्ला. डॉक्टरला ऑलमोस्ट सांगितलंय, थोडी तरी लाज राखायला हवी.

मनवा उशिरा आली. पेढा बशीत तसाच ठेवून झोपली. अनुजा म्हणते, डाएट.

१८ नोव्हेंबर

सकाळी मनवा पेढ्याची बशी घेऊन माझ्यासमोर बसली. "आजी, सुपारी तात्यांनी खाल्ली. पेढे चाळीने खाल्ले. लग्न मी करायचंय. मला विचारलं कोणी?"

मनूने अनुजाकडे बघितलं, अनुजाने मनूकडे. मी विचारलं, हो की नाही?

"नाही."

ऑलमोस्ट नाही, बघू नाही — नाही! महिनाभर मी ज्याच्या-त्याच्याकडे सरळ शब्द मागत फिरले, तो माझ्याच घरात होता.

संध्याकाळी साखरपुड्याच्या तारखेसाठी मायाताईंचा फोन येणार आहे. तो मनूने उचलायचा नाही, अनुजाने उचलायचा नाही, आणि मी तर त्या खोलीतच थांबायचं नाही. मनवाने उचलायचा.