एकसारखे वीस स्वेटर

प्रिय पंधरा,

रागावू नकोस. या आकड्यानं तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरलेय, आणि म्हणूनच पत्र घरी न पाठवता तुझ्या शिवणाच्या दुकानावर पाठवतेय. सोबतचं पुडकं लगेच फोडू नकोस. आधी शेवट बघायचा आणि मग गोष्ट ऐकायची, ही तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे. आज तेवढा धीर धर.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. मुलगा आणि सून इतकं जपतात की जिना उतरताना एक पुढे, एक मागे. हे गेल्यापासून दुपार खायला उठायची, म्हणून मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत विणायला जायला लागले. अकरा बायका, दोन लांब बाकं आणि एक शेगडी. चहा कमी, चहाड्या जास्त. आम्ही स्वेटर विणतो ते गावाबाहेरच्या बालगृहातल्या मुलांसाठी. हो, बालगृहातल्याच. हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल, ते मला इथून दिसतंय. पहिल्या दिवशी ते ऐकून मीही दारातूनच परत फिरणार होते.

गेल्या वर्षी लोकर आणायचं काम माझ्याकडे आलं. घाऊक बाजारात राखाडी अ‍ॅक्रिलिकचा अख्खा गठ्ठा स्वस्तात मिळाला. मऊ होती, रंग जात नव्हता, मशीनमध्ये धुतली तरी आटणार नव्हती. धागा हनुवटीखाली घासूनही पाहिला, जाळून मात्र पाहिला नाही. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि हातात भुरभुरीत राख उरते. ही नुसती वितळते, तिचा काळा मणी होतो, आणि अंगाला ऊब म्हणून देत नाही. संस्थेतल्या मोठ्या बाईंनी स्टोव्हपाशी बसवून आपल्याला ते शिकवलं होतं. मी विसरले आणि स्वस्त नि मस्त म्हणत गठ्ठा मिरवत आणला. आम्ही एकसारखे वीस स्वेटर विणले.

ते द्यायला ऐन थंडीत गेले. महिन्याभरानं पुन्हा गेले, तेव्हा आमच्या विणकाम मंडळाच्या फोटोसाठी मुलांना अंगणात उभं केलं होतं. राखाडी, राखाडी, राखाडी, उंचीप्रमाणे रांग. शेवटच्या मुलीनं नाक पुसायला हात वर केला आणि तिच्या स्वेटरखाली कागद करकरला. तुला काय सांगायचं! वर्तमानपत्राची एक घडी छातीवर, एक पाठीवर. शाळेच्या वाटेवर आपण दोघी चालायला लागलो की तोच आवाज यायचा. वाऱ्याचं सोंग करून तू मोठ्यानं शीळ घालायचीस, म्हणजे कुणाला कागद ऐकू जाऊ नये.

आणि रंग? आपले ते राखाडी स्वेटर कोपऱ्यावरून दिसले की पोरं म्हणायची, आल्या संस्थेच्या. दुकानदार बरण्यांची झाकणं घट्ट करायचा. एकदा तू स्वेटर उलटा करून घातलास, तर आतूनही तो राखाडीच, वर कॉलरचा नंबर बाहेर! पंधरा असं लाल दोऱ्यानं लिहिलेलं शाळाभर मिरवून आलीस. तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं. आता आठवलं की हसू येत नाही. त्या मुलांना आमच्या मंडळानं नंबर शिवले नव्हते एवढंच. बाकी सगळं मी केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, तिला काय कळतंय. पण मला सगळं कळत होतं, आणि तरी मी वीस लेकरांना आपल्याच रांगेत नेऊन उभं केलं. त्या दिवशी घरी आले ती जेवले नाही. सुनेला सांगितलं, पित्त झालंय.

यंदा मात्र मी उन्हाळ्यापासूनच लोकरीच्या मागे लागले. शहरातल्या स्वेटरच्या कारखान्यात शंकूसारख्या रिळांवर उरलेली लोकर किलोवर विकतात, हे कळायला मला सहा बस आणि चार रखवालदार लागले. तीन हिस्से खरी लोकर, एक हिस्सा अ‍ॅक्रिलिक. कोमट पाण्यात टिकते. या वेळी जाळून पाहिली, भिजवून रात्रभर ठेवली, ओल्या पट्टीचा तुकडा मानेला बांधून दुपारभर हिंडले. सून म्हणाली, आई, घसा बसलाय का? ओली असूनही ऊब देत होती. भावही गेल्या वर्षीच्या गठ्ठ्याइतकाच. अडचण एकच, एका रंगाचे दोन स्वेटर होतील एवढीसुद्धा लोकर नाही. मोहरीचा पिवळा थोडा, विटकरी थोडा, जांभळा, बाटलीचा हिरवा. मला ती अडचण वाटलीच नाही. ज्याचा त्याचा रंग!

आमच्या अध्यक्षबाईंनी नाक मुरडलं. म्हणाल्या, फोटोत सगळे एकसारखे दिसले तरच देणगी येते, आणि फुकटच्या गायीचे दात मोजायचे नसतात. मी म्हटलं, गाय देणाऱ्यानं निदान दात आहेत का ते बघावं. त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्हाला हो काय ठाऊक त्या मुलांना काय हवं असतं ते? सगळ्या सुया थांबल्या. उत्तर माझ्या ओठांवर होतं, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पंचेचाळीस वर्षं हेच करत आले आहे. मामांकडे वाढले, असं सांगत आले. यांना खरं ठाऊक होतं, पण तेही माझ्यासाठी खोट्या मामांचं कौतुक करायचे.

उद्या त्या खोलीत लोकर ठरणार आहे, आणि अध्यक्षबाईंनी तोच प्रश्न विचारावा म्हणून मी वाट बघतेय. नाही विचारला तरी उत्तर देणार आहे. संस्थेतून निघालो त्या दिवशी आपण कॉलरमधले नंबर ब्लेडनं कापून स्टोव्हमध्ये टाकले आणि एकमेकींच्या गळ्याची शपथ घेतली, कुणाला कधी सांगायचं नाही. ती शपथ मी मोडतेय. तुझी परवानगी मागत नाही, तुला कळवतेय, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तुला लागलं असतं. तुझं नाव, तुझा पत्ता, पंधरा हा आकडासुद्धा माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्या घरात तुला काय जपायचंय ते तू जप. मुलाला मी आज सकाळीच सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, आई, तुला थंडी वाजायची का गं? मी हो म्हटलं आणि रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. लाज आपण चोरल्यासारखी लपवली, पंधरा. आपण काहीच चोरलं नव्हतं. आता फोड पुडकं. मोहरीचा आहे, तुझ्या मापाचा, आतून-बाहेरून पिवळा. दुकानात घालून बस. कुणी विचारलं, कुणी विणला, तर काय सांगायचं ते तू ठरव. मी माझं ठरवलंय.

तुझीच,
चौदा