शून्य खोडायला मी सांगितलं

सोम. ७ जुलै
खोडरबराचा चुरा चहात पडणे हा गृहस्थाश्रमावरील अत्याचार होय. शास्त्रात प्रायश्चित्त सापडलं नाही. चमच्याने काढून प्यायलो. टेबल माझं, चहा माझा, चुरा सईचा. नववीत गेल्यापासून लेकीचं बीजगणित माझ्याच टेबलावर नांदतं.

सौ.ची या आठवड्यात कागलच्या कंपनीत दुसरी पाळी. त्यामुळे गणित संस्कृतच्या मास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे. बहुपदीला भागून अवयव पाडायचे. क्षचा घन उणे सात क्ष अधिक सहा. भाजक क्ष उणे एक. (पुस्तकात x आहे. मी क्षच म्हणणार.) नुसते सहगुणक ओळीत मांडायचे. सईनं मांडले: १, ०, −७, ६. हे शून्य कुठून आलं, विचारलं. म्हणाली, क्षचा वर्ग नाहीये ना बाबा, त्याच्या जागी. मी म्हटलं, जे नाही ते लिहायचं कशाला? वर सूत्रकारांच्या लाघवावर, म्हणजे शब्दांच्या काटकसरीवर, दहा मिनिटं व्याख्यान. तिनं खोडलं. भागलं. बाकी शून्य. मी मिशीत हसलो.

"पण घन आहे बाबा. तीन अवयव यायला पाहिजेत की. दोनच आलेत."

दोन पुरेत, म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. मग नाही विचारलं. पुढच्या चार उदाहरणांतली शून्यं न सांगता गाळली.

बुध. ९
वही आली. पाचही उदाहरणांवर लाल फुली. सई आंघोळीला गेल्यावर सौ.ला दाखवली. ती पोहे परतत होती.

"अहो, वर्गाची जागा मोकळी हाय तर शून्य ठेवायला लागतंय. न्हायतर मागचं पुढं सरकतं. तुम्ही भलत्यालाच भागलासा."

मग बाकी शून्य कशी आली? म्हणाली, क्ष उणे एकाने भागताना बाकी म्हणजे सगळ्या सहगुणकांची बेरीज. त्यात शून्य असलं काय, नसलं काय. तिथंच फसलासा.

आलेला दुसरा अवयव, क्ष उणे सहा, पडताळला. क्षच्या जागी सहा घातले. शून्य यायला हवं होतं; एकशे ऐंशी आलं.

सईला सांगायचं ठरवलं. ती घाईत होती. मीही.

गुरु. १०, गुरुपौर्णिमा
वर्गातल्या मुलांनी गुलाब दिले. तेरा. त्याआधी सकाळी सईनं दरवर्षीप्रमाणे वाकून नमस्कार केला. आशीर्वाद दिला, चांगला लांबलचक. सांगायला याहून बरा मुहूर्त नव्हता. नाही सांगितलं.

शुक्र. ११
संध्याकाळी सईबरोबर बावड्यातल्या डेअरीत. तिच्या गणिताच्या बाई रांगेत पुढे.

"पोरगी हुशार हाय सर तुमची. पण परवा सगळी शून्यं गाळून आली. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणती, माझंच चुकलं."

सई शेजारीच, किटली घेऊन.

मी म्हणालो, "हो, जरा घाई करते ती."

बाई हसल्या. सईनं वर पाहिलं नाही. घरी येईपर्यंत रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी मी बरंच बोललो.

शनि. १२
विशेष काही नाही. सईनं वही माझ्या टेबलावर आणली नाही. आतल्या खोलीत बसली. टेबल स्वच्छ.

रवि. १३
शेवटी सांगितलं. चूक माझी होती. बाईंपुढे ती तुझ्यावर ढकलली, तेही माझंच. ती पेन्सिलीला टोक करत होती.

"माहितीय की. तेव्हाच माहीत होतं."

मग खोडलंस कशाला?

"तुम्ही सांगितलं म्हणून."

राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पुन्हा पेन्सिलीकडे वळली.

उद्या शाळेत जाऊन बाईंना खरं सांगेन. आज तरी तसं वाटतं.

मुलगी शब्दाबाहेर नाही, हे मी आजवर पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगत आलो. आता त्याचीच धास्ती. बरोबर काय ते तिला ठाऊक होतं. दोनदा विचारलंही. पण आवाज माझा मोठा, म्हणून तिनं हातातलं बरोबर पुसून टाकलं, आणि दोष विचारला तेव्हा स्वतःवर घेतला. पुढे माझ्याहून ठाम आवाजाची माणसं भेटतील, आणि तेव्हा प्रश्न पाच उदाहरणांचा नसेल. तेव्हाही ती असंच करेल, याची मला भीती वाटते. आणि हे वळण तिला माझ्याच घरात लागलंय.